ओहोळ आटल्यावर

यांची कंपनी बंद पडली, मग पिंपरीतला भाड्याचा फ्लॅट सोडला आणि आम्ही सामानसुमान घेऊन नगरला सासरच्या घरी आलो, हे सगळं इतकं भराभर झालं की नीट प्रार्थना करायलाही सुचलं नाही, नुसतं 'प्रभू बघ रे बाबा' एवढंच तोंडातून यायचं. इकडे चर्चमध्ये सगळे म्हणतात, देव पुरवतो हो, काळजी करू नका. पुरवतो, मान्य. पण कुणाच्या हातून पुरवतो ते कोणी सांगत नाही आणि खरी गोची तिथेच आहे.

सध्या सकाळी बायबलमधलं 1 राजे हे पुस्तक वाचतेय. सतराव्या अध्यायात देव एलीया संदेष्ट्याला करीथ ओहोळापाशी राहायला सांगतो, सकाळ-संध्याकाळ कावळे भाकर आणि मांस आणून देतात, पाणी ओहोळाचं. संडेस्कूलमध्ये ते कावळ्यांचं चित्र रंगवलेलं आठवतंय, पण पुढची गोष्ट कधी कोणी रंगवायला दिली नाही.. पाऊस नव्हता म्हणून ओहोळच आटला. म्हणजे जागा देवानेच दाखवलेली, एलीयाचं काही चुकलेलं नाही, तरी आटला. आम्हीही पिंपरीला प्रार्थना करूनच गेलो होतो ना, मग हे रोज रात्री 'आपलं कुठे चुकलं' म्हणत बसतात त्याला काय अर्थ आहे. पाऊस नव्हता, ओहोळ आटला, बस.

आणि मग देव त्याला पाठवतो कुठे, तर सीदोनातल्या सारफथला, परक्या मुलुखात, एका विधवेकडे, जी वेशीपाशी काटक्या गोळा करतेय की शेवटची भाकर करून मी आणि माझा पोरगा खाऊ आणि मरू. एवढा मोठा संदेष्टा आणि त्याने तिच्यापुढे हात पसरायचा! हे मला आधी कधी बोचलं नव्हतं. आता बोचतं, कारण आमची सारफथची बाई म्हणजे माझी धाकटी जाऊ (तिचा नवरा ठणठणीत आहे हं, पण समजून घ्या). दर नाताळला तिच्या मुलांना कपडे मी न्यायचे, जरा मोठेपणाच मिरवायचे म्हणा ना, आणि आता ती ज्वारीचं पोतं दारात आणून टाकते आणि म्हणते, ताई, तुमच्या वाट्याची आहे. वाट्याची कुठली, शेतात राबते ती. नको म्हणवत नाही आणि घेताना घसा दाटतो. पैसे नसण्यापेक्षा हे घेणं मला जास्त जड जातंय.

आणखी एक. सारफथच्या त्या विधवेने एलीयाला भाकर करून दिली, तरी तिचं पिठाचं मडकं काही काठोकाठ भरलं नाही, फक्त संपलं नाही. रोज तळाला हात घालायचा आणि मूठभर निघायचं. आमचंही तसंच, सिलेंडर संपत आला की यांना कुठूनतरी वायरिंगचं काम मिळतं, मुलीची फी भरली की खात्यात परत खडखडाट. मला खरं तर भरलेलं मडकं हवंय, खोटं कशाला बोलू.

पुण्याहून येताना दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं (नगरला लागून आहे ते वेगळं), पंडिता रमाबाईंचं निराधार बायका-मुलींसाठीचं मुक्ती मिशन तिथलं. विश्वास म्हटलं की त्यांचं नाव येतंच, पण बाई हात जोडून बसल्या नव्हत्या. 1889 ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं तेव्हा अमेरिकेतल्या लोकांनी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं, ती मुदत संपल्यावर काय, म्हणून बाईंनी आधीच केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली, की पुढे त्या उत्पन्नावर भागेल. आणि तेवढ्यात 1896-97 चा दुष्काळ, मध्य प्रांतात जाऊन त्या शेकडो मुली घेऊन आल्या. एवढ्या जिवांना बाग कुठे पुरणार! पण मुली परत पाठवल्या नाहीत, देशातून परदेशातून जे आलं ते घेतलं आणि पंगती वाढल्या. मला तर यातलं बाग लावणंही विश्वासाचंच वाटतं, फक्त प्रवचनात तेवढं रंगत नसावं.

काल यांना म्हटलं, त्या इलेक्ट्रिकच्या दुकानात बसायचं काम आलंय ते घ्या, जुन्या पगाराच्या निम्माही नाही माहितीये, तरी घ्या. हे बराच वेळ गप्प, मग म्हणाले सोमवारी जाऊन बघतो. आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, सगळे नोकरी लागल्यावर नाहीतर ऑपरेशन नीट झाल्यावरच उभे राहतात, मधेच कोणी उभं राहत नाही. रविवारी पाळकसाहेबांना विचारणारे, अर्धवट साक्ष चालेल का.