प्रयोगाला बसावे की नाही?

मी नाशिकमध्ये मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे पालक आणि इतर शाखांचे विद्यार्थीही मला वारंवार विचारतात की, एखाद्या संशोधनासाठी ‘प्रयुक्त’ म्हणून, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा ती व्यक्ती म्हणून, बोलावणे आले तर जावे का, आणि त्यातून काही अपाय तर होणार नाही ना. माझे उत्तर ‘अवश्य जावे’ असे आहे. मात्र जिथे ‘नाही’ म्हणण्याची खरी मोकळीक असेल, तिथेच.

बहुतेक प्रयोग अगदी साधे असतात. म्यूलर-लायर दृष्टिभ्रमाच्या प्रात्यक्षिकात एका पट्टीवर दोन आडव्या रेषा असतात. एकीच्या टोकांचे बाण आत मिटलेले, दुसरीचे बाहेर उघडलेले, आणि त्यामुळे सारख्या लांबीच्या रेषाही लहान-मोठ्या भासतात. सरकती पट्टी मागेपुढे करून दोन्ही रेषा समान वाटतील तिथे प्रयुक्ताने थांबायचे, आणि फरक किती मिलिमीटरचा पडला ते प्रयोगकर्त्याने मागच्या मोजपट्टीवर पाहून टिपायचे. उठताना मुले हमखास विचारतात, “माझे बरोबर आले का?” डोळा किती फसतो हेच मोजायचे असल्यामुळे इथे कुणी नापास होत नाही, हे त्यांना आवर्जून सांगावे लागते.

जावे असे मी म्हणतो त्याचे कारण याच रेषांत आहे. 1966 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात अमेरिकन विद्यार्थी या रेषांना चांगलेच फसले होते, तर आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटातले सान लोक जवळपास फसलेच नव्हते. तरीही ‘माणसाचे मन’ म्हणून पाठ्यपुस्तकांत जे येते, ते बव्हंशी पाश्चात्त्य विद्यार्थ्यांवरून काढलेले असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी 2008 साली मानसशास्त्राच्या आघाडीच्या अमेरिकन नियतकालिकांची पाहणी मांडली, तेव्हा त्यांतील 96 टक्के प्रयुक्त पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील आणि 68 टक्के एकट्या अमेरिकेतील निघाले. सुरगाण्याच्या पाड्यावर वाढलेला, घरी कोकणी किंवा अहिराणी बोलणारा मुलगा आणि कॉलेज रोडवरच्या इमारतीत वाढलेली मुलगी यांची स्मृती, भीती, लाजाळूपणा त्याच मापाने मोजता येईल, हे न तपासता का मानावे? आपली मुले बसल्याशिवाय हे तपासता येणार नाही, आणि म्हणूनच त्यांच्या अर्ध्या तासाचे मोल मला फार वाटते.

आता मोकळिकीविषयी. 1971 सालच्या स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगात काही तरुणांना पहारेकरी, तर काहींना कैदी केले होते. हे तरुणही स्वेच्छेनेच, दिवसाला 15 डॉलर घेऊन आले होते. पण ‘कैद्यां’चा छळ होऊ लागल्याने दोन आठवड्यांचा तो प्रयोग सहा दिवसांतच थांबवावा लागला. आज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे संमतीआधी पूर्ण माहिती देणे आणि केव्हाही बाहेर पडण्याची मुभा ठेवणे बंधनकारक मानतात. विशेष म्हणजे, अधिकाराच्या उतरंडीत असल्यामुळे ज्यांना नकार देणे जड जाते, अशांमध्ये ती विद्यार्थ्यांचीही गणना करतात. आपल्याकडे हे फार खरे आहे. ज्यांच्या हाती अंतर्गत गुण आहेत, त्या सरांनी भर वर्गात ‘कोण कोण बसणार?’ असे विचारले, तर वर आलेल्या हातांना मी संमती मानत नाही. शिक्षकाने आपल्याच वर्गातून प्रयुक्त घेऊ नयेत. घ्यावे लागलेच, तर विचारणा तिऱ्हाइताने करावी आणि कोण आले, कोण नाही, हे शिक्षकाला कळू नये, असे माझे ठाम मत आहे.

मुलांनी सही करण्यापूर्वी एवढे विचारावे: माझे नाव उत्तरांना जोडले जाणार का, ती कोण पाहणार, आणि मध्येच उठलो तर चालेल का. वय अठराच्या आत असेल, तर पालकांची संमती लागतेच. नैराश्य किंवा घरातील त्रास यांविषयीची प्रश्नावली भरताना मन ढवळून निघाले, तर पुढे कोणाशी बोलायचे हे संशोधकानेच आधी सांगायला हवे. त्याने सांगितले नसेल, तर टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते, आणि तिथे मराठीतही बोलता येते.