चौकटीवरच्या रेघा

सुट्टीत मामाच्या घरी आम्हा भावंडांचं संमेलन भरायचं. 'संमेलन' हा शब्द दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या मामेभावाचा. शाळेतलं स्नेहसंमेलन बघून त्याने सगळं तसंच आणलं होतं : अध्यक्ष, प्रास्ताविक, अहवाल, आभार. अध्यक्ष कायम मामाच. हा भाग दहा मिनिटांत उरकायचा.

आम्ही 11 जण. मामाची 3, मोठ्या मावशीची 4, धाकट्या मावशीची 2 आणि आम्ही दोघी बहिणी. 'मी तुझी मामेबहीण, मग तू माझी आतेबहीण कशी?' हा धाकट्या मामेबहिणीचा प्रश्न दरवर्षी निघायचा आणि दरवर्षी कुणीतरी तिला नव्याने समजावायचं.

ही धाकटी एरवी फारशी बोलायची नाही. पण दोरीवर चादर टांगली, मागे बॅटरी लावली की ती निराळीच व्हायची. हात बॅटरीजवळ नेला की सावली मोठी होते, चादरीजवळ आणला की लहान, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एका वर्षी तिने बोटांचा पक्षी इतका मोठा केला की त्याचे पंख चादरीबाहेर जाऊन छतावर पसरले. तेवढ्यात पडद्यामागून तिचा आवाज आला, खणखणीत. आम्ही सगळे गप्प. मामी दारात उभी होती, ती तशीच खाली बसली.

मला मात्र ओढ असायची ती दुसऱ्या दिवशी सकाळची. मधल्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर मामा आमच्या उंच्या मोजायचा. टाचा चौकटीला, हनुवटी सरळ, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक. पुस्तकाच्या खालच्या कडेला लागून तो पेन्सिलीने रेघ ओढायचा, तेव्हा त्या पेन्सिलीची खरखर थेट डोक्यात ऐकू यायची. मग तो मागे सरायचा आणि बोलायचा. भाषण म्हणावं तर चार वाक्यांचंच. आधी आकडा, मग त्या वर्षात त्याला दिसलेली एक गोष्ट. 'गेल्या वर्षी हिला माळ्यावर जायची भीती वाटायची. परवा रात्री अंधारात एकटी चढली आणि सगळ्यांची पांघरुणं घेऊन आली.' हे माझ्याबद्दल होतं. मला वाटलं होतं, कुणी पाहिलंच नाही. त्या वर्षी मी 4 सेंटिमीटरच वाढले होते, बाकीच्यांची वाढ 5-6 होती, आणि त्याचं वाईट वाटायचं मी विसरूनच गेले. अजूनही मामा बोलायला लागला की माझा घसा दाटतो.

एक सल मात्र आहे. मोठ्या मावशीकडचे चौघं संमेलनाच्या दिवशी दुपार उलटल्यावर यायचे आणि रात्रीच परत निघायचे. त्यांच्यासाठी मामा संध्याकाळीच मोजायचा. दिवसभराच्या उभं राहण्या-चालण्याने मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यामुळे संध्याकाळी उंची साधारण 1 सेंटिमीटरने कमी भरते. मामाने हे समजावलं तरी त्या चौघांना आपली रेघ खाली आल्याचं लागायचंच. मला लागायचं ते वेगळं : त्यांनी एकमेकांबद्दलची मामाची वाक्यं ऐकली, आमच्याबद्दलची कधीच नाही. एक रात्र राहायला काय हरकत होती?

आता आभार, कारण तेव्हाचे आभार घाईत व्हायचे. पडद्याची चादर धुऊन इस्त्री करणारी आणि त्याच रात्री ती पुन्हा गादीवर घालणारी मामी. दोरीच्या गाठी मारणारे शेजारचे काका. हात भरून आला तरी बॅटरी न हलवणारा धाकट्या मावशीचा मुलगा. गाद्या उचलून भिंतीशी रचणाऱ्या कामाच्या मावशी. सगळ्यात पुढे बसून प्रत्येकासाठी सारख्याच टाळ्या वाजवणारी आजी. पेन्सिलीला टोक काढून ठेवणारी माझी धाकटी बहीण. आणि हो, शेजारची ती छोटी मुलगी, जिला आमच्यात नातं काहीच नव्हतं, पण चौकटीवर तिचीही रेघ आहे. तिला विसरले असते तर झोप लागली नसती.

घराची दुरुस्ती झाली तेव्हा ती चौकट काढावी लागली. दादाने रेघांची बाजू जपून कापून घेतली आणि नव्या दाराशेजारी भिंतीला ठोकली. आता आमच्या मुलांच्या रेघा तिच्यावर चढतात. पुस्तक दादा धरतो, कारण मामाचा हात थरथरतो. बोलतो मात्र मामाच, खुर्चीत बसून, आणि प्रत्येक मुलाबद्दल काय बोलायचं ते आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवतो.

मोठ्या मावशीकडच्यांना मी यंदा स्वतः फोन केलाय. मोजणी सकाळी आहे, आदल्या रात्री मुक्कामालाच या. 4 गाद्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत.