"पूर्ण नाव काय म्हणालात?"

ऑफिसात नवीन माणूस आला, नाव सांगितलं, तरी प्रश्न येतो: "पूर्ण नाव काय?" आडनावावरून अंदाज लागला नाही तर "मूळ गाव कुठलं?", मग "घरी नॉनव्हेज चालतं का?" सुटे पाहिले तर सगळे साधेच प्रश्न. पण ते टीममधल्या सगळ्यांना विचारले जातात का? उत्तर मिळाल्यावर वागणं बदलतं का? डबा पुढे करणं थांबलं, प्रमोशननंतर "कोट्यातून ना?" ऐकू आलं, १४ एप्रिलच्या आसपास "तुमची जयंती" सुरू झालं, तर ती चौकशी जातीचीच होती. 'न-ण'वरून हसणं याच माळेतलं. सगळ्यात जास्त बोचतं ते "तू त्यांच्यातला वाटत नाहीस". बोलणाऱ्याला ती शाबासकी वाटते, म्हणून आक्षेप घेणाराच उर्मट ठरतो.

जागच्या जागी छोटा प्रश्न विचारावा, "म्हणजे नेमकं काय?", आणि गप्प राहावं. "तुम्ही जातीयवादी आहात" म्हटलं की वाद त्याच्या मनात काय होतं यावर जातो आणि वाक्य सुटून जातं. खरं तर हे काम शेजारच्या सहकाऱ्याचं आहे, कारण त्याला बोलण्याची किंमत कमी मोजावी लागते. "सर, हे बरोबर नाही" एवढं तिथेच म्हणावं. नंतर जिन्यात "वाईट वाटलं रे" म्हणून काहीही बदलत नाही.

नोंद त्याच दिवशी करावी: तारीख, वेळ, जसेच्या तसे शब्द आणि हजर कोण होतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नये, नोकरीबरोबर तोही जातो. हजर माणसांची नावं फार महत्त्वाची. १९८९च्या ॲट्रॉसिटी कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा अपमान हेतुपूर्वक आणि लोकांदेखत झालेला असावा लागतो. चार भिंतींआड, साक्षीदाराविना घडलेलं त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हितेश वर्मा प्रकरणात म्हटलं. त्यामुळे बरेचसे टोमणे कायद्याच्या अलीकडेच राहतात. २०१३च्या कायद्याखालची अंतर्गत समिती फक्त लैंगिक छळाच्या तक्रारी घेते, तिथे जातीची तक्रार चालत नाही.

मग उरतो एचआर. तिथे तोंडी बोलून थांबू नये, ईमेल करावा. दोन-तीन प्रसंग तारखांसह लिहावेत आणि मागणी नेमकी असावी, उदाहरणार्थ "माझं अप्रेझल दुसऱ्या मॅनेजरकडे द्या". "वातावरण सुधारा" असं लिहिलं की सगळ्यांसाठी एक प्रशिक्षण होतं आणि तक्रार बंद केली जाते.