घरच्या मायनिंगचे यंत्र: किमतीआधी विजेचा हिशोब

क्रिप्टो मायनिंग, म्हणजे संगणकाकडून गणना करवून क्रिप्टो नाणी मिळवण्याचे काम, सुरू करू पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा "सर्वांत कमी पैशांत कोणते यंत्र मिळेल?" असा असतो, आणि माझ्या मते गफलत तिथूनच सुरू होते. यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते. विजेचे पैसे मात्र ते चालू असेपर्यंत तासातासाला मोजावे लागतात. जुनी यंत्रे बाजारात कवडीमोलाने का विकली जातात, याचे उत्तरही यातच आहे.

बिटकॉइनपासून सुरुवात करू. २००९ मध्ये हे काम साध्या संगणकाच्या प्रोसेसरवर होत असे. पुढे ग्राफिक्स कार्डांचा काळ आला आणि २०१३ पासून केवळ याच कामासाठी घडवलेल्या चिपांनी, म्हणजे एसिक यंत्रांनी, बाकी सर्वांना बाजूला सारले. आज बिटकॉइनसाठी लॅपटॉप किंवा ग्राफिक्स कार्ड राबवण्यात काहीही अर्थ उरलेला नाही. एप्रिल २०२४ मधील हाल्विंगनंतर (ठरावीक काळाने बक्षीस निम्मे होते, त्याला हाल्विंग म्हणतात) एका ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या एका गठ्ठ्यामागे, ३.१२५ बिटकॉइन मिळतात आणि सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक सापडतो, म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला सुमारे ४५० नवी नाणी तयार होतात. यंत्रे कितीही वाढली तरी हा आकडा वाढत नाही, कारण दर २,०१६ ब्लॉकनंतर काठिण्यपातळी, म्हणजे ब्लॉक शोधणे किती अवघड असावे हे, आपोआप नव्याने ठरते. आपल्याला मिळतो तो फक्त एकूण हॅशरेटमधल्या (सेकंदाला होणाऱ्या गणनांमधल्या) आपल्या हिश्श्याइतका वाटा.

आता अँटमायनर एस९ हे २०१६ चे यंत्र घ्या. सेकंडहँड बाजारात ते अगदी स्वस्तात मिळते, म्हणून नवख्यांची नजर हमखास त्यावर जाते. त्याचा वेग सेकंदाला सुमारे १३.५ टेराहॅश (एक टेराहॅश म्हणजे एक लाख कोटी गणना) आणि विजेची ओढ साधारण १,३५० वॅट, म्हणजे एका टेराहॅशमागे १०० ज्यूल. दिवसरात्र चालवल्यास महिन्याला सुमारे ९७० युनिट वीज लागते. एकूण नेटवर्कचा वेग १,००० एक्साहॅश (एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) धरला, तर या यंत्राच्या वाट्याला महिन्याकाठी जेमतेम १८,००० सातोशी (एक सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) येतात. युनिटमागे १९ सातोशीसुद्धा नाहीत. (व्यवहारशुल्काची थोडी भर आणि पूलची, म्हणजे एकत्र मायनिंग करणाऱ्या गटाची, कपात यात धरलेली नाही.) याउलट अँटमायनर मालिकेतलेच एस२१ हे यंत्र ३,५०० वॅटमध्ये २०० टेराहॅश देते, म्हणजे टेराहॅशमागे १७.५ ज्यूल, आणि त्याच गृहीतकावर युनिटमागे सुमारे १०७ सातोशी पडतात. वाचकाने आपल्या विजेचा दर आणि बिटकॉइनचा त्या दिवसाचा भाव घेऊन हा गुणाकार स्वतः करावा. एका युनिटमधून मिळणारी सातोशी त्याच युनिटच्या बिलापेक्षा कमी मोलाची ठरत असतील, तर यंत्र फुकट मिळाले तरी ते महागच आहे.

एस२१ चे गणित बरे दिसले तरी ते घरात ठेवण्याजोगे यंत्र नव्हे. अशा यंत्रांचा आवाज ७५ डेसिबलच्या आसपास असतो, त्यांना २२० ते २४० व्होल्टचा स्वतंत्र जोड लागतो, आणि घेतलेली जवळजवळ सगळी वीज उष्णतेच्या रूपाने खोलीत उतरते. थंड प्रदेशात जुन्या एसिकला हीटर म्हणून वापरणारे लोक आहेत आणि त्यांचा हिशोब मला पटतो, कारण ती वीज त्यांनी एरवीही जाळलीच असती. बाकीच्यांना ही उष्णता बाहेर काढण्यासाठी आणखी वीज खर्च करावी लागते.

शिकण्याच्या हेतूने घ्यायचेच असेल, तर बिटॅक्स नावाचे तळहातावर मावणारे, खुल्या आराखड्याचे यंत्र मला जास्त प्रामाणिक वाटते. त्याच्या गॅमा आवृत्तीत एस२१ प्रो या यंत्रातलीच एक चिप असते आणि पंधरा-अठरा वॅटमध्ये सुमारे १.२ टेराहॅश मिळतात. पूलमध्ये न जाता एकट्याने ब्लॉक शोधायचा म्हटले, तर वरच्याच गृहीतकाने सरासरी पंधरा-सोळा हजार वर्षांतून एकदा तो सापडेल. ही सरळसरळ लॉटरी आहे. पण तिच्या तिकिटाचा खर्च एखाद्या एलईडी दिव्याइतका आहे.

ग्राफिक्स कार्डांची गोष्ट १५ सप्टेंबर २०२२ रोजी बदलली. त्या दिवशी, तोवर कार्डांवर मायन होणाऱ्या इथेरियम या नाण्याने मायनिंगची पद्धतच सोडली आणि जगभरची लाखो कार्डे इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन अशा लहान नाण्यांकडे वळली, जिथे तेवढ्यांना पुरेल इतके उत्पन्नच नव्हते. म्हणून केवळ मायनिंगसाठी कार्ड विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खेळ, व्हिडिओ किंवा थ्रीडीच्या कामासाठी घ्यायचेच असेल तर गोष्ट वेगळी. त्याची पुनर्विक्री तरी होते. जुने कार्ड घेताना पंख्याच्या बेअरिंगचा आवाज ऐकावा, मेमरीचे तापमान पाहावे (आरटीएक्स ३०८० आणि ३०९० मधली मेमरी तापत तापत ११० अंशांपर्यंत जाते आणि मग वेग आपोआप घटतो), आणि आरएक्स ५७० किंवा ५८० असेल तर आधीच्या मालकाने बायोसमध्ये, म्हणजे कार्डातल्या मूळ प्रणालीत, फेरफार केले आहेत का, हे तपासावे.

नवख्याला मी प्रोसेसरवरचा मार्ग सुचवेन. मोनेरो या नाण्याने नोव्हेंबर २०१९ मध्ये रँडमएक्स ही पद्धत स्वीकारली, जी मुद्दाम सामान्य प्रोसेसरला अनुकूल ठेवलेली आहे. इथे गाभ्यांच्या (प्रोसेसरमधल्या गणना करणाऱ्या भागांच्या) संख्येपेक्षा एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी, महत्त्वाची ठरते, कारण प्रत्येक थ्रेडला (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या एका धाग्याला) तिच्यातले २ एमबी लागतात. रायझेन ७ ३७००एक्स आणि रायझेन ७ ५७००जी हे दोन्ही आठ गाभ्यांचे आणि सोळा थ्रेडचे प्रोसेसर आहेत. परंतु पहिल्यात ३२ एमबी एल३ कॅश असल्यामुळे सोळाही थ्रेड कामाला लागतात, तर दुसऱ्यात १६ एमबीच असल्यामुळे आठांपुढे जाऊन फायदा होत नाही. नाव नवे असले तरी या कामात ५७००जी मागे पडतो, आणि विक्रेता हे सांगत नाही. याखेरीज दोन गिगाबाइटहून थोडा मोठा डेटासंच मेमरीत राहावा लागतो, म्हणून रॅमची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन जुळ्या पट्ट्या घ्याव्यात आणि ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ह्यूज पेजेस (मेमरीचे मोठे तुकडे वापरण्याची सोय) सुरू करावीत. यातून श्रीमंती येत नाही. परंतु मायनिंग बंद केले तरी हातात एक चांगला संगणक उरतो. २०२१ मध्ये चिया नाण्याच्या लाटेत ज्यांनी घरगुती एसएसडी प्लॉटिंगला (डिस्कवर सतत मोठ्या फाइली लिहिण्याच्या कामाला) जुंपल्या, त्यांच्या हाती बहुतेक झिजलेल्या एसएसडीच उरल्या.

काटकसर कुठे करू नये, तर पॉवर सप्लायमध्ये. अनेक कार्डांच्या रिगमध्ये, म्हणजे मायनिंगसाठी जुळवलेल्या संचात, रायझरला (कार्ड मदरबोर्डापासून दूर जोडणाऱ्या पट्टीला) वीज देण्यासाठी साटा (मूळात डिस्कांसाठी असलेल्या) जोडाचे अडॅप्टर सर्रास वापरले जाते. साटा जोडातल्या १२ व्होल्टच्या तीन पिना मिळून ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट सुरक्षितपणे वाहू शकतात. कार्ड मात्र स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत ओढू शकते. तो जोड आधी तापतो, मग वितळू शकतो, आणि हे घरातले सगळे झोपलेले असतानाही घडू शकते. सहा पिनांचा थेट जोड देणारा, ८० प्लस गोल्ड (वीज कमी वाया घालवणाऱ्या) दर्जाचा सप्लाय घ्यावा आणि त्यावर सतत ऐंशी टक्क्यांहून जास्त भार टाकू नये.

माझ्या यादीत पहिली खरेदी मात्र भिंतीवरच्या सॉकेटला लावायच्या वॅटमीटरची आहे. मायनिंगचे सॉफ्टवेअर दाखवते ती ओढ केवळ चिपची किंवा कार्डाची असते. मदरबोर्ड, पंखे आणि पॉवर सप्लायमधली गळती त्यात येत नाही. घरात आधीच असलेल्या संगणकावर आठवडाभर मोनेरो चालवावे, प्रोसेसरची वीजमर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणून प्रत्येक टप्प्यावर हॅशरेट आणि मीटरवरचा आकडा टिपून घ्यावा. बहुतेक प्रोसेसरांवर वीज बरीच घटते आणि वेग थोडाच कमी होतो, असा एक टप्पा सापडतो. नव्या यंत्राची तुलना त्या टप्प्यावरच्या युनिटमागच्या कमाईशी करावी.