करवलीस लुगडे एक

२०२३ च्या दिवाळीआधीचे दोन महिने आमच्या ओट्यावर चपलांना जागा नसायची. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, ठिकठिकाणची जुनी दप्तरं उघडली आणि मग घराघरांत लोकांना कळलं की आपल्या पणजोबांचं नाव ज्या कागदावर आहे तो कागद आपल्याला वाचताच येत नाही. मी मोडी वाचते. एरवी माझ्याकडे येणारी माणसं जमिनीची भानगड घेऊन येतात. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र. त्या दोन महिन्यांत मात्र सकाळी सहालाच कडी वाजायची.

त्यातलाच एक मुलगा. सातारा जिल्ह्यातला, पंचविशीचा, खताच्या धुतलेल्या पिशवीत कागदांचं गाठोडं घेऊन आलेला. "मॅडम, पणजोबांची जन्माची नोंद बघायची आहे. आणि हे घरातले कागद. जमिनीचे असतील." गाव, आडनाव, अंदाजे साल घेऊन सकाळी आम्ही अभिलेख कक्षात गेलो.

कोतवाल बुक म्हणतात ती वही म्हणजे गाव नमुना नंबर चौदा, जन्ममृत्यूची नोंद. गावात कोण जन्मलं, कोण गेलं ही खबर कोतवालानं आणायची आणि लिहिणाऱ्यानं लिहून घ्यायची. इंग्रजी अमलातली मोडी वाचायला सगळ्यात त्रासाची. पेशवाईतला कारकून बोरूनं लिहायचा, अक्षर कसं मोत्यासारखं. इथे लोखंडी टाक, घाईचा हात, दोन शब्दांत जागा सोडलेली नाही, ऱ्हस्वदीर्घाचा तर मोडीत प्रश्नच नाही. पणजोबा अर्ध्या तासात सापडले. साल १९११, बापाचं नाव जुळलं, जातीच्या रकान्यात 'कु.' हे एक अक्षर. मुलाचं काम झालं होतं. त्यानं फोटो काढला, घरी कळवलं.

मग म्हणाला, "पणजोबांचे आईवडील साथीत गेले म्हणतात. ते पण असेल का यात?"

१९१८ ची पानं मी याआधीही पाहिली आहेत. तरी दरवेळी ती उघडताना हात जरा थांबतो. त्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणायचे. एरवी महिन्याला दोन-तीन मृत्यू लिहिणाऱ्या त्या वहीत ऑक्टोबर पाच पानांचा आहे. मरणाच्या कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीला 'ताप', आणि खाली 'सदर', 'सदर', 'सदर', पानाच्या तळापर्यंत. तिसऱ्या पानावर अक्षर बदलतं. आधीच्या लिहिणाऱ्याचं काय झालं, ते वहीत नाही.

मुलाच्या घरचे तिघं आठ दिवसांत गेलेले. आधी पणजोबांची आई, वय २७. तिच्या नावापुढे नवऱ्याचं नाव, मध्ये 'कोम', म्हणजे अमक्याची बायको. मग चार वर्षांचा मुलगा. मग बाप. सात वर्षांचे पणजोबा मागे राहिले, चुलत्यानं वाढवलं. इथवर घरच्यांना ठाऊक होतं.

वही बंद करण्याआधी मधली वर्षंही चाळली. १९१६ मध्ये त्याच बापाच्या नावावर एक जन्म निघाला. 'मुलगी'. एवढंच. बारसं व्हायच्या आत खबर दिली जायची, त्यामुळे जन्माच्या नोंदीत मुलांची नावं बहुधा नसतातच. पण मुलाचं नाव पुढे सातबाऱ्यावर येतं, पाहणीपत्रकात येतं, पावतीवर येतं. मुलीचं कुठे येणार?

"पणजोबांना बहीण होती," मी म्हटलं.

"नाही मॅडम. एकटेच होते." त्यानं मोबाईलमध्ये वंशावळ दाखवली. नीट काढलेली, सात पिढ्यांची, शंभरावर नावं. त्यात एकही बाई नव्हती.

ऑक्टोबर ते डिसेंबर ओळीनओळ पुन्हा वाचलं. त्या मुलीचा मृत्यू कुठेच नाही. एवढ्यावरून ती जगली असं धरता येत नाही, तेव्हा कित्येक मृत्यू लिहिलेच गेले नाहीत. मी त्याला तसं सांगितलं.

दुपारी घरी येऊन गाठोडं सोडलं. दोन गहाणखतं, सावकाराच्या पावत्या, साऱ्याचे कागद. तळाशी उभ्या घडीचा एक लांब कागद होता. चारही कोपऱ्यांना हळदकुंकवाचे डाग, हळद फिकी झालेली, कुंकू काळं पडलेलं. वर 'श्री', खाली 'यादी'. शके १८५६, वैशाख. म्हणजे १९३४ चा उन्हाळा, पणजोबांचं लग्न.

आहेराच्या आणि मानपानाच्या याद्या लोक टाकून देतात. जमिनीचा कागद नाही म्हटल्यावर रद्दी. मला विचाराल तर घराण्याचा शोध घेणाऱ्यानं हा कागद आधी धुंडाळावा. वंशावळीत बापाखाली मुलगा येतो आणि रेघ सरळ खाली जाते. यादीत मात्र मामा, मावशी, आत्या, जावई, व्याही, सगळा गोतावळा गावासकट हजर असतो, कारण कुणी काय घातलं हे पुढे परत करायचं असतं. या यादीत डावीकडे आलेला आहेर होता: खण, पागोटं, भांडं, रोख. रुपयाच्या आकड्यापुढे पावाची एक उभी रेघ, अर्ध्याच्या दोन. उजवीकडे द्यायचा मान. मामास पागोटे एक. मावशीस चोळखण एक. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'पावले', म्हणजे ज्याचं त्याला पोचलं.

नववी ओळ होती, 'करवलीस लुगडे एक', पुढे मौजे अमुक, गावाचं नाव. या ओळीच्या शेवटी 'पावले' नव्हतं.

मी भिंग घेऊन पाहिलं, कागद उजेडाला धरला. शाई उडालेली नव्हती. तिथे लिहिलंच नव्हतं.

करवली चुलत बहीणही असू शकते, मी मुलाला म्हटलं. त्यानं तोवर आजीला फोन लावला होता. आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या, १९५५ साली लग्न होऊन या घरात आलेल्या. पणजोबा म्हणजे त्यांचे सासरे. फोन स्पीकरवर होता. मी विचारलं, आजी, तुमच्या मामंजींना बहीण होती का?

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, "बाई, मामंजी भाऊबिजेला घरात थांबायचं न्हाईत. सकाळी भाकरी बांधून रानात जायचं ते दिवस बुडाल्यावर यायचं. मी नवी हुते, येकदा सासूबाईंना इचारलं. त्या म्हनाल्या, ह्यो इषय ह्या घरात काढायचा न्हाई." आणि थोड्या वेळानं, "असंल मग. असंल."

मुलगा उठून ओट्यावर जाऊन बसला.

गावाचा शोध मलाच घ्यायचा होता. मी ते नाव आधी चुकीचं वाचलं आणि दोन दिवस भलत्या तालुक्यात घालवले. बरोबर वाचल्यावर ते आजच्या याद्यांत मिळेना. १९५१ च्या जनगणनेच्या गावयादीत मिळालं. तेव्हा जिल्ह्याचं नाव उत्तर सातारा होतं. कोयनेच्या खोऱ्यातलं गाव. नंतरच्या नकाशावर त्या जागी निळा रंग आहे, शिवसागर जलाशय. धरणात बुडालेल्या गावांतली माणसं पार रायगड, ठाणे, सोलापूरपर्यंत पांगली. बहीण रुसून सासरी गेली असेल, भाऊ हट्टानं गेला नसेल, आणि कधी पुढे जावंसं वाटलं असेल तेव्हा जायला वाटच उरली नसेल. हा माझा अंदाज आहे, कागदावर तसं काही नाही.

बुडालेलं गाव अजून जिथे नांदतं अशी एक जागा मला माहीत होती. नाशिकला रामकुंडावर अस्थी घेऊन जाणाऱ्यांची नोंद तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत होते, आणि या वह्या गावावर आणि आडनावावर लावलेल्या असतात. गाव धरणात गेलं म्हणून वहीतलं पान काढत नाहीत. आडनाव मात्र आमच्याकडे नव्हतं. डिसेंबरात तो मुलगा, त्याचे वडील आणि मी पंचवटीत पोचलो. त्या खोऱ्यातल्या यजमानांचे उपाध्याय शोधण्यात सकाळ गेली. गुरुजींनी लाल बासनातून वही काढली, गाव उघडलं. तीन आडनावं, अकरा पानं. जुनी मोडीत, अलीकडची देवनागरीत. मी एकेक नोंद वाचत गेले, पण सुनेच्या माहेराचं नाव कुठेच नव्हतं.

गुरुजी म्हणाले, "आईच्या अस्थी घेऊन आलेली मुलं बघा. मातामहाचं नाव तिथे मिळेल."

हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. तीर्थश्राद्धात बापाच्या तीन पिढ्यांना पिंड देतात तसे आईच्या बापाच्या घराण्यालाही देतात. आईचे वडील, आजे, पणजे. ती नावं सांगावीच लागतात.

नोंद १९८३ ची निघाली. दोन भाऊ आईच्या अस्थी घेऊन आलेले. मूळ गाव, पुढे कंसात 'बुडीत', हल्ली मुक्काम ठाणे जिल्ह्यातली वसाहत. आईचं नाव. मातामह म्हणून ऑक्टोबर १९१८ मध्ये गेलेल्या त्या बापाचं नाव, त्याच्या गावासकट. आणि खाली, मामा म्हणून, पणजोबांचं.

कोतवाल बुकात ती 'मुलगी' होती, यादीत 'करवली'. नाव पहिल्यांदा इथे भेटलं, तिच्या मुलाच्या हातचं. मी ते या लेखात देत नाही, ते त्यांच्या घराचं आहे. मुलाच्या वडिलांनी नोंदीवर बोट ठेवलं, ते बराच वेळ उचललं नाही. गुरुजींनी त्यांना पाण्याचा तांब्या पुढे केला.

वसाहतीचा पत्ता चाळीस वर्षांपूर्वीचा असला तरी वसाहत जागेवर होती. थोरला मुलगा वारला होता. धाकटा आहे, आणि त्यांची बहीण आहे, ७८ वर्षांची. त्यांच्या आईनं माहेराचं गाव मुलांना सांगितलं होतं, भावाचं नावही. त्यापुढे काही विचारलं की उठून चुलीकडे जायची म्हणाल्या.

संक्रांतीनंतर आजींनी मला निरोप पाठवला, आमच्यासोबत चला, आणि तो कागद आणा. गाडीत त्या मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या, कुणाला धरू देत नव्हत्या. वसाहतीत पोचल्यावर दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. आजी म्हणाल्या, "मी तुमची मामेभावजय." मग आत जाऊन बसल्यावर त्यांनी पिशवीतून नऊवारी काढलं, हिरवं, जरीकाठी, आणि त्यावर खण ठेवला. कुंकू लावलं. मला म्हणाल्या, "बाई, ती वळ वाचा."

मी वाचली. करवलीस लुगडे एक.

आतेनणंदेनं लुगडं दोन्ही हातांत घेतलं, उराशी धरलं. आजींनी माझ्याकडे बघितलं. "आता तिथं लिवा," म्हणाल्या.

जुन्या कागदावर मी कधी पेन टेकवत नाही. पेन्सिलचंही टोक लावत नाही. त्या दिवशी माझ्याकडे यादीची झेरॉक्स होती, तिच्यावर नवव्या ओळीच्या शेवटी मी मोडीत लिहिलं, 'पावले'.