ती निश्चल होते तेव्हा

आमची मुलगी दोन महिन्यांची झाली तेव्हा आवाज ऐकून हसू लागली होती, पण हसताना तिची नजर आमच्या चेहऱ्यावर कधी ठरत नसे. बुबुळे संथपणे इकडून तिकडे फिरत राहत. काही बाळांची नजर उशिरा बसते, असे घरातल्या प्रत्येकाने सांगितले आणि आम्हीही ते मानून घेतले, कारण मानायला ते सोपे होते. तपासताना डोळे आतूनही निरोगी दिसत होते, त्यामुळे निदान व्हायला ती पाच महिन्यांची व्हावी लागली. प्रकाशाच्या झोतांना दृष्टिपटल जो विद्युत प्रतिसाद देते तो मोजणाऱ्या इलेक्ट्रोरेटिनोग्राम या चाचणीत तिची रेघ जवळजवळ सपाट आली. आजाराचे नाव लेबर कन्जेनिटल अमॉरोसिस. थिओडोर लेबर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८६९ मध्ये वर्णन केलेल्या या विकारात दृष्टिपटलातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी जन्मापासूनच नीट काम करत नाहीत.

हा विकार जनुकीय आहे आणि त्याच्या बहुतेक प्रकारांत आई व वडील या दोघांकडून जनुकाची सदोष प्रत यावी लागते. ‘कोणाच्या घराण्यातून आले’ हा प्रश्न त्यामुळे आपोआप निकालात निघाला, आणि त्याचा मला झालेला आनंद, खरे सांगायचे तर, थोडा लाजिरवाणा होता. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात हीच शक्यता २५ टक्के राहते, हे मात्र शांतपणे ऐकणे जमले नाही. या विकाराच्या आरपीई६५ या एका जनुकावरील उपचाराला २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ती बातमी आम्हाला अनेकांनी उत्साहाने पाठवली. आमच्या मुलीचे सदोष जनुक वेगळे आहे, हे प्रत्येकाला पुन्हा पुन्हा समजावून सांगण्याचे मी आता सोडून दिले आहे.

निदानापेक्षाही अधिक दुखावणारी गोष्ट वेगळीच होती. मी खोलीत जाऊन तिला हाक मारली की पाय झाडत खेळणारी ती एकदम थांबे; चेहरा कोरा होई, हसू मावळे, अंग निश्चल होई. आपण आलेले हिला आवडत नाही, असा मी त्याचा सरळ अर्थ लावला आणि हळूहळू, नकळत, तिच्याशी कमी बोलू लागले. तिच्यासोबत काम करणाऱ्या प्रशिक्षिकेने पहिल्याच भेटीत ही चूक दाखवली. दिसणारे बाळ आईकडे वळून पाहते. न दिसणारे बाळ ऐकण्यासाठी थांबते, कारण त्याच्या स्वतःच्या हालचालींच्या आवाजात बाकीचे आवाज बुडून जातात. “तिच्या चेहऱ्याकडे नको, बोटांकडे पाहा,” असे त्या म्हणाल्या. मी पाहिले, तर चेहरा तसाच कोरा होता, पण माझ्या प्रत्येक शब्दासरशी तिची बोटे उघडत होती, मिटत होती. हे सगळे ती कित्येक आठवडे करत असणार, आणि मी दुसरीकडेच पाहत होते.

त्यानंतर घरातले बरेच काही बदलले. तिला उचलण्याआधी आम्ही बोलतो आणि खांद्याला हात लावतो, कारण पावलांची चाहूल लागली नाही तर अचानक हवेत उचलले जाणे कोणालाही घाबरवणारच. तिचा हात धरून वस्तूवर ठेवण्याऐवजी आपला हात तिच्या हाताखाली ठेवतो, म्हणजे नको असेल तेव्हा तिला तो काढून घेता येतो. पालथे झोपणे तिला मुळीच आवडत नव्हते. मान उचलून समोर काही दिसणारच नसेल तर ती का उचलावी, हा तिचा मुद्दा रास्तच होता. मग मी समोर पालथी पडून तिच्याशी बोलू लागले आणि मान उचलण्याला काहीतरी कारण मिळाले.

मुठीने डोळे दाबण्याची तिची सवय अजून सुटलेली नाही. दाबल्याने दृष्टिपटल उत्तेजित होऊन प्रकाशाचा भास होतो, म्हणून अशी मुले ते करत असावीत असे मानतात. पण सतत दाबल्याने डोळे खोल जातात. ‘नको, नको’ म्हणत राहण्यापेक्षा हातात काहीतरी देणे बरे, एवढे आम्हाला उमगले आहे. याउलट पाहुण्यांची तिच्या डोळ्यांसमोर बोटे नाचवून ‘दिसते का?’ म्हणण्याची सवय मात्र कशानेही सुटत नाही. तिला उजेड जाणवतो. ती खिडकीकडे तोंड वळवते. तेवढे उत्तर आम्ही देतो.

सर्वाधिक वेळ लागला तो आवाजाच्या दिशेने हात पुढे करायला. दिसणारी मुले चार-पाच महिन्यांची असताना समोरच्या वस्तूकडे हात नेतात, पण हातातून निसटलेला खुळखुळा आमच्या मुलीसाठी जगातूनच नाहीसा होत असे. आवाज येतो तिथे वस्तू असते, हे तिला पाहून कळणार नव्हते, ते अनुभवाने जोडावे लागणार होते. म्हणून खुळखुळा आधी तळहाताला लावायचा, वाजवायचा, मग बोटभर अंतरावर नेऊन पुन्हा वाजवायचा, असे आम्ही महिनोन्‌महिने करत राहिलो. परवा, अकराव्या महिन्यात, आवाज थांबल्यावर तिचा उजवा हात पुढे आला, खुळखुळ्याच्या थोडा डावीकडे पडला आणि जमीन चाचपू लागला. तो तिच्या हातात सरकवून देण्याचा मोह मी कसाबसा आवरला आणि जागचा न हलवता पुन्हा एकदा वाजवला.