लहान फुगा मोठ्यात रिकामा झाला

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवा, असं पत्र आलं. पत्रात विषयांची यादीही होती : प्रार्थना, कवायत, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा. माझी पंचाईत झाली. यातलं मला धड काही आठवत नाही. आठवतात ते विज्ञानाचे सर. त्यांचं नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘विज्ञानाचे सर’ म्हटलं की दुसरं कुणी डोळ्यांसमोर येतच नाही.

नववीतला तास. मधल्या ओट्यावर सरांनी काचेची एक नळी उभी केली होती. तिच्या एका तोंडाला साबणाचा मोठा फुगा, दुसऱ्याला लहान, मध्ये बंद तोटी. “तोटी उघडली तर काय होईल?” अख्खा वर्ग ओरडला, “दोन्ही सारखे होतील!” माझा आवाज सगळ्यांत मोठा. सरांनी तोटी फिरवली. लहान फुगा आक्रसत गेला आणि आपली सगळी हवा मोठ्यात ओतून मोकळा झाला.

“माझंच काही चुकलं असेल, तू करून बघ,” असं म्हणून सर खुर्चीत जाऊन बसले. मी केलं. पुन्हा केलं. दर वेळी लहानच हरला. सहाव्या खेपेला तोटी जरा जोरात पिळली आणि नळी मध्येच तडकली. सरांनी मोडतोडीची वही काढली. ‘कुणाकडून’ या रकान्यात त्यांनी रेघ मारली आणि ‘कारण’ या रकान्यात लिहिलं : प्रयोग चालू असताना. उत्तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं. फुगा जितका लहान, तितका पृष्ठताणामुळे, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग आक्रसू पाहतो त्या ओढीमुळे, आतला दाब जास्त.

पुढे डॉक्टर झालो, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागात लागलो. पहिल्याच आठवड्यात एक बाळ दर श्वासाला कण्हत होतं, इवलीशी छाती आत ओढली जात होती. वरिष्ठ समजावू लागले की फुप्फुसातले वायुकोश म्हणजे ओलसर अस्तराचे फुगे, लहान कोश मिटतात आणि त्यांची हवा मोठ्यांत जाते. मला ओटा दिसला.

त्या रात्री मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या अमेरिकी संशोधकांचा १९५९ सालचा निबंध वाचला. निरोगी फुप्फुसात पृष्ठताण कमी करणारा पातळ थर असतो, आपण त्याला सरफॅक्टंट म्हणतो. कोश आक्रसला की थरातले रेणू दाटीने जवळ येतात, ताण आणखी उतरतो, म्हणून लहान कोश तग धरतो. श्वासाच्या या आजाराने दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांत हा ताण उतरतच नव्हता, हे त्या दोघांनी मोजून दाखवलं. तोवर लक्ष होतं मृत बाळांच्या वायुकोशांत सापडणाऱ्या काचेसारख्या पापुद्र्यावर. आजाराला नावही त्याचंच होतं. यांनी विचारलं, काय आहे यापेक्षा काय नाही? गंमत म्हणजे फॉन नीरगार्ड यांनी १९२९ मध्येच दाखवलं होतं की फुप्फुस हवेऐवजी द्रवाने भरलं तर फुगवायला कमी दाब लागतो, कारण मग पृष्ठताणाची ओढच उरत नाही. म्हणजे निम्मं उत्तर तीस वर्षं कपाटात पडून होतं. औषध यायला आणखी वेळ गेला. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं सरफॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं आणि ते लागू पडलं.

आज आमच्याकडे ते छोट्या बाटलीत येतं, पांढरट, दुधासारखं. फ्रिजमधून काढून मुठीत धरून ऊब द्यायची, हलकेच उलटी-पालटी करायची. जोरात हलवायची नाही, फेस होतो. नवा निवासी डॉक्टर हटकून हलवतो आणि मी हटकून ओरडतो. सर कधी ओरडले नाहीत, हेही इथे नोंदवतो.

मागे शाळेत येऊन गेलो. प्रयोगशाळेत आता मोठा पडदा आहे, प्रयोग त्यावरच दिसतात. छान दिसतात. काही फुटत नाही.

माझेही काही निबंध छापून आले, सगळे याच आजारावरचे. पहिल्याच्या ऋणनिर्देशात मी सरांचं नाव घातलं होतं. सहलेखक म्हणाले, शाळेतल्या मास्तरांचा या कामाशी काय संबंध? मी नवखा होतो, वाद घातला नाही. ओळ खोडली. निबंध छापून आला तेव्हा सर होते. त्याची प्रत त्यांना पाठवायचं धाडस मला झालं नाही.